घाव शून्य

"पण चाचा, अग्निवीर आधी वाढवू की हिमकन्या? एवढंच सांगा ना!"

हा प्रश्न तो सहाव्यांदा विचारत होता. मी मोजत होते, कारण तो माझ्या टोपल्यांपुढं फतकल मारून बसला होता आणि गिऱ्हाइकाला वळसा घालून यावं लागत होतं.

मी मळाईच्या डोंगराखाली नारळ-फुलं विकते. माझ्या शेजारी बाबालालचाचा देवीला जाणाऱ्यांच्या चपला सांभाळतात. पत्र्याचा बिल्ला द्यायचा, चपला खणात ठेवायच्या, बिल्ला परत आला की चपला परत. तीस वर्षं झाली, एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात गेली नाही.

मधल्या वेळात चाचा मोबाईलवर 'अस्त्रभूमी' खेळतात. कमरेचं हाड मोडून चार महिने अंथरुणात होते, तेव्हा शिकले. वीर जमवायचे, त्यांना हत्यारं द्यायची, तीस माणसांची टोळी करून दुसऱ्या टोळीशी लढायचं, असा तो खेळ. त्यात चाचांचं नाव 'चप्पलवाला'. म्हणे खेळणाऱ्यांत ह्या नावाला फार मान आहे. असेल बाई. मला तर त्या मोबाईलमधनं नुसती ढणाढण ऐकू येते.

म्हणून लोक त्यांना शोधत येतात. हा पुण्याहून आला होता. वेदांग ढमाले, सत्तावीस वर्षांचा, आणि एका टोळीचा सरदार. रविवारच्या लढाईसाठी वर जाऊन देवीला साकडं घालून आला, आणि खाली येऊन अनवाणीच चाचांपुढं बसला तो बसलाच.

"माझं सगळं बरोबर आहे, चाचा," तो म्हणाला. "आग कुणाला भारी पडते, बर्फ कुणाला, सगळं पाठ आहे. कुठला वीर किती कामाचा, त्याचा तक्ता केलाय. दर सोमवारी कोणी किती घाव घातले त्याची यादी लावतो. तरी सलग तीन लढाया हरलो!"

"हं," चाचा म्हणाले.

"रविवारी दुपारी तीनला चौथी आहे. ती हरलो की टोळी वरच्या फळीतून खाली. तिसातले अकरा जण सांगून मोकळे झालेत, हरलो तर सोडून जाणार. तीन वर्षं घातलीत मी ह्या टोळीत. एकेक माणूस गोळा केलाय..."

त्याचा आवाज चिरकला. खरं सांगते, तेवढ्यापुरती मला दया आली.

"तीन हरलास," चाचा म्हणाले. "त्याच्या आधी?"

"आधी जिंकतच होतो की. सलग चौदा."

"मग मधी काय केलंस?"

"काहीच नाही... टोळी अजून मजबूत केली. कच्ची माणसं काढली."

"किती?"

"एक."

चाचांनी हातातला बिल्ला खाली ठेवला.

"कोण?"

"होत्या एक काकू. बार्शीच्या. सिंधूकाकू." तो हसला. "यादीत कायम शेवटी. घाव शून्य. थोडेथोडके नाही चाचा, शून्य! महिनोन्‌महिने!"

"करायच्या काय त्या?"

"वैद्य होत्या. बाकीच्यांच्या जखमा भरायच्या."

...

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं.

त्याला नाही कळलं.

"तर मग अग्निवीर की हिमकन्या?"

अगं आई गं!

चाचांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हे पाण्याची बाटली फेकून मारतात. पण ते बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायले आणि त्यांनी झाकण घट्ट लावलं.

"काढल्यावर बाई काही बोलल्या?"

"मेसेज आला होता." त्यानं मोबाईल काढून वाचून दाखवला. "'सर, माझं काही चुकलं का? चुकलं असेल तर सांगा, मी सुधारीन.' ह्याला काय उत्तर देणार? यादी सगळ्यांना दिसते. तळाचा जातो. नियम तो नियम."

"उत्तर दिलंस?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"तीन लढाया," चाचा म्हणाले.

"हो, दर रविवारी एक असते ना."

पालथ्या घड्यावर पाणी! मला राहवेना. मी म्हटलं, "अरे, आईच्या वयाची बाई तुला सर म्हणते आणि तू..."

चाचांनी हात वर केला. मी तोंड मिटलं. गजरा ओवायला घेतला तर सुई बोटात गेली.

"बरं, ते राहू द्या," तो म्हणाला. "खेळात साठवलेली रत्नं आत्ता खर्च करू की नव्या वीरासाठी राखू? बरेच जण म्हणतात राखा. मला ते मूर्ख वाटतात. आणि लढाई हातानं खेळायची की आपोआप चालू द्यायची? तुमचं मत काय?"

"माझं मत?"

"हो!"

"ऊन वाढलंय. घरी जा."

वेदांग तटकन उठला. "चार तास गाडी चालवून आलो मी! चप्पलवाला म्हणजे कुणीतरी असेल असं वाटलं होतं." त्यानं बिल्ला चाचांपुढं टाकला. "बूट द्या माझे."

चाचांनी खणातून बूट काढले. महागाचे, पांढरे. ते उलटे करून त्यांनी दोन्हींचे तळवे पाहिले. अंगठ्यानं टाचा चाचपल्या. मग उजवा बूट त्याच्यापुढं ठेवला आणि डावा परत खणात सरकवला.

वेदांगनं उजवा घातला. नाडी बांधली. वाट पाहिली.

"दुसरा?"

"काढला."

"म्हणजे?"

"उजव्याची टाच बघ, पार घासलीय. हा राबतो." चाचांनी खणाकडं बोट केलं. "डावा नव्यासारखा. झीज शून्य. तळाचा जातो."

"चाचा, चेष्टा पुरे. फरशी तापलीय!"

"नियम तो नियम."

भर दुपारची बारा-साडेबाराची वेळ. आमच्याकडची फरशी त्या वेळेला तव्यासारखी होते. तो डावा पाय वर उचलून उभा राहिला. तोल गेला. पाय टेकला, चटका बसला, पुन्हा उचलला. माझ्या टोपलीचा आधार घ्यायला गेला, तर मी टोपली ओढून घेतली. हो, घेतली. पायऱ्या उतरणाऱ्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"अहो, एका बुटावर मी गाडीपर्यंत जाऊ कसा?"

"चांगला बूट दिलाय की. यादीतला पहिला."

तो आणखी काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही. पण एका पायावर तसाच थांबला. खणातल्या बुटाकडं बघत राहिला. मग डावा पाय हळूहळू खाली आला, तापलेल्या फरशीवर टेकला, आणि ह्या वेळी त्यानं तो उचलला नाही.

"त्या जखमा भरायच्या म्हणून आम्ही..."



"भाजेल पाय. सावलीला हो," मी म्हटलं. माझाच राग आला मला, पण म्हटलं.

तो पायरीवर सावलीला बसला. मोबाईल काढला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. चार तास गाडी चालवत आलेला सरदार, चार शब्द जुळवता येईनात.

"चाचा... काय लिहू?"

"चुकलं कोणाचं?"

"माझं."

"तेच."

त्यानं लिहिलं. चाचांनी डावा बूट खणातून काढून त्याच्या पायाशी ठेवला. त्यानं तो घातला नाही. मांडीवर घेऊन बसला.

उत्तर लगेच आलं. त्यानं वाचलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. मोबाईल माझ्यापुढं धरला, बहुतेक मोठ्यानं वाचवेना म्हणून. मी चाचांना वाचून दाखवलं:

"सर, तुम्ही बोललात, फार बरं वाटलं. मी रोज फोन बघत होते. त्याच आठवड्यात मला काळभैरव टोळीनं घेतलं. खूप मान देतात. रविवारी तुमच्यासमोर आम्हीच आहोत. मला आता त्यांना सोडून येता येणार नाही, राग मानू नका. उन्हाचं जपा. जेवण झालं का?"

वर देवळात घंटा वाजली.

"जेवण झालं का..." वेदांग म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि पुसायचंही भान नव्हतं. "मी तीन वर्षांत एकदाही त्यांना हे विचारलं नाही."

चाचा पुढच्या गिऱ्हाइकाच्या चपला खणात लावत होते.

"आता काळभैरवाकडं काकू आहेत," तो म्हणाला. "आमच्यात कुणाला जखम भरता येत नाही. चार दिवसांत नवा वैद्य उभा राहत नाही, चाचा. अकरा जण जाणार. मी आता करू काय?"

चाचांनी गिऱ्हाइकाला बिल्ला दिला. मग वळून त्याच्या मांडीवरच्या बुटाकडं पाहिलं.

"हरायचं," ते म्हणाले. "पण दोन्ही बूट घालून."