जासूदवाडीची खिंड

वाघधार आणि सोनकडा या दोन किल्ल्यांमधल्या खिंडीत जासूदवाडी वसली आहे. पाणी कोसभर खाली, शेती नावापुरती. ‘इथे येऊन राहिलं तरी कोण?’ असे येणारे-जाणारे विचारतात. मग वाडीतले सर्वांत वयस्कर भिकाजी आबा ही हकिकत सांगतात.

वाघधारच्या राजा जैतपाळाने म्हणे लढाई कधी पाहिलीच नव्हती, आणि लढाईवाचून त्याला करमत नव्हते. रोज चिलखत चढवूनच तो सदरेवर बसे. सोनकड्याचा सोमदेव तीन लढाया जिंकला होता. तिसरीत त्याचा डावा हात कोपरापासून गेला. आता तो आंब्याची रोपे जोपासत होता.

जैतपाळाने निरोप पोचवणाऱ्या म्हाळू जासुदाला युद्धाचे आव्हान देऊन धाडले.

“कारण काय?” सोमदेवाने विचारले.

म्हाळूला कारण कुणी सांगितलेच नव्हते.

“मग मी येत नाही, असं सांग.”

जैतपाळ भडकला. म्हाळूची बायको साळू हिला त्याने गडावर अडकवून ठेवले. “होकार आण, तरच ती सुटेल.” म्हाळू पुन्हा गेला. सोमदेवाने बजावले, “तिसऱ्यांदा आलास तर बाणच सुटतील.”

म्हाळू खिंडीत बसून राहिला. पुढे बाण, मागे साळू. दोन्ही गडांचे पहारेकरी त्याला पाहत होते. हाक कुणीच मारीना. चौथ्या दिवशी तो उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने खोटा निरोप दिला. वाघधारकडे तोंड करून ओरडला, “सोमदेव लढायला येतोय! एकटाच!” सोनकड्याकडे वळून ओरडला, “जैतपाळ कारण सांगायला येतोय! एकटाच!”

भर दुपारी दोघे आले. चिलखताच्या ओझ्यानिशी गड उतरून पुन्हा खिंडीचा चढ चढून आलेला जैतपाळ घेरी येऊन खाली बसला. सोमदेव एका हाताने त्याचे बंद सोडू लागला. जैतपाळाचे लक्ष त्या थोट्या हाताकडे गेले.

“अजून दुखतो?”

“जेवढा उरला नाही, तेवढाच दुखतो.”

जैतपाळ सोमदेवाने दिलेले पाणी प्यायला आणि लढाईचे नाव न काढता खिंड उतरून गेला. संध्याकाळी साळू सुटली.

पण खोटा निरोप देणारा जासूद दोघांनाही नकोसा झाला. दोन्ही गडांचे दरवाजे म्हाळूला बंद झाले. साळूच वर खिंडीत आली. दोघांनी तिथेच खोपट बांधले. पुढची चाळीस वर्षे म्हाळूने खिंड ओलांडली नाही, असे सांगतात.

आजही जासूदवाडीत कुणी कुणाचा निरोप नेत नाही. ‘अमक्याला एवढं सांग’ म्हटले, की ऐकणारा वाटेतून बाजूला सरकतो आणि म्हणतो, “तुम्हीच जा. वाट मोकळी आहे.”