चवीला उत्तम, खिशाला हलकी

"पण चवीला उत्तम आणि खिशाला हलकी अशी वाईन नेमकी कोणती, श्रीरंगराव?"

आत्मारामस्वामींनी हे विचारलं आणि कुंदाताईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

त्या नवऱ्याला घेऊन मठात आल्या होत्या वेगळ्याच आशेनं. दिवाळीत त्यांनी सप्तशृंगीला बोलून चहा सोडला होता. "विशूभावजी पुन्हा आमच्या घरी पानावर बसतील, तेव्हाच मी कपाला तोंड लावीन," असं देवीला सांगून बसल्या होत्या. आता शिवरात्र उलटली. डोकं रोज चारला ठणकत होतं आणि भावजींचा पत्ता नव्हता.

भावजी रुसले ते नवऱ्याच्या जिभेपायी. विशूनं द्राक्षाच्या बागेशेजारी लहानशी वायनरी काढली होती. दिवाळीच्या पाडव्याला पहिली बाटली थोरल्या भावासाठी घेऊन आला. श्रीरंगरावांनी पेला उजेडात धरला, हुंगला, घोट तोंडात घोळवला आणि चारचौघांत म्हणाले, "समया घासायला बरी आहे."

विशू भरल्या पानावरून उठला.

स्वामी यांना चांगलं फैलावर घेतील, ही वाईनची थेरं सुटतील, असं कुंदाताईंना वाटलं होतं. आणि स्वामी तर मांडी घालून भाव विचारत होते.

श्रीरंगरावांना हेच हवं होतं. ते सरसावून बसले.

"महाराज, नावावर जाऊ नये. बाटलीवर किल्ल्याचं चित्र दिसलं की समजावं, आपण चित्राचे पैसे देतोय. पांढरीत शेनिन घ्यावी. स्वस्त असते आणि आपल्या तिखटापुढे टिकते. मटण असेल तर शिराझ. साधीच घ्यावी, फक्त तासभर आधी उघडून ठेवावी."

"गार करून?"

"पांढरी गार. लाल नुसती माठाजवळ ठेवली तरी पुरे."

"अस्सं..."

तीर्थाच्या रांगेतले लोक हळूहळू जवळ सरकले. कानानं अधू असलेले धोंडोपंत पुढे वाकून म्हणाले, "शुगर असेल तर कोणती?"

कुंदाताईंनी पदर तोंडावर घेतला.

"बरं," स्वामी म्हणाले. "आधी तीर्थ घ्या."

त्यांनी तांब्याच्या पात्रातून पळी उचलली. श्रीरंगरावांनी उजवा तळवा पुढे केला, पाणी हातात पडलं, आणि... सवय ती सवय.

तळवा उजेडाकडे कलता झाला. नाक खाली आलं. मग सुर्र असा आवाज झाला, पाणी या गालातून त्या गालात गेलं आणि श्रीरंगराव डोळे मिटून बोलले, "तुळस कालची आहे. तांबं जरा पुढे पुढे करतंय. पण शेवट स्वच्छ."

देवापुढची घंटा वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला.

"आणि किमतीच्या मानानं?" स्वामींनी विचारलं.

श्रीरंगरावांनी डोळे उघडले. कान लालबुंद झाले.

"चुकलो, महाराज."

"चुकला कुठे? तुळस कालचीच आहे." स्वामी त्यांच्या हातांकडे बघत होते. "हा डावा हात खाली कशाला धरलात?"

खरंच, एवढं सगळं होऊनही डावा हात उजव्याखाली तसाच होता.

"थेंब सांडू नये म्हणून. आईनं लावलेलं वळण आहे."

"दोघा भावांना?"

"दोघांना." श्रीरंगरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "विशूचा तळवा लहान होता. सगळं गळून जायचं. मग मी..."

"मग?"

"मग मी माझा हात त्याच्या हाताखाली धरायचो."

स्वामींनी पुढच्या माणसासाठी पळी भरली.

मठाची टेकडी उतरताना गाडी श्रीरंगराव चालवत होते. खाली फाट्यावर गाडी घराकडे वळायची, ती बागेच्या रस्त्याला लागली. कुंदाताईंनी हात जोडले. मनातल्या मनात देवीचं नाव तेवढं घेतलं.

विशू शेडच्या दारात उभा होता. "ये," म्हणाला नाही. "वहिनी, बसा," म्हणाला.

"विशू, ती पाडव्याची आहे का अजून?"

"आहे. समया घासायला ठेवलीय." तो आत वळला. "थांब, तुझा तो दांडीचा पेला शोधतो."

"पेला नको. हातात घाल."

"काय?"

श्रीरंगरावांनी उजवा तळवा पुढे केला, डावा हात खाली. विशू आतून बाटली घेऊन आला. मग त्यानं ती कलती केली.

थेंबही सांडला नाही. श्रीरंगरावांनी ना हुंगलं, ना घोट घोळवला. प्याले, आणि ओला हात डोळ्यांना लावून टकलावरून फिरवला. टक्कल जांभळं झालं.

"कशी आहे?" विशूनं जमिनीकडे बघत विचारलं.

कुंदाताईंचा एवढ्या महिन्यांचा चहा आता एका शब्दावर लटकला होता.

"आंबट आहे," श्रीरंगराव म्हणाले.

झालं, कुंदाताईंना वाटलं.

"आंबट आहे... आणखी थोडी घाल." हात तसाच पुढे होता. "आणि पुढच्या तोडणीला मला बोलाव. तू लहानपणापासून घाईचा."

विशूचे खांदे हलू लागले. "वहिनी, हा माणूस सुधारायचा नाही हो," तो म्हणाला. हसत होता की रडत होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक. "रविवारी जेवायला येतो. बाटली आणू ना?"

"आणा," कुंदाताई म्हणाल्या, "पण आधी पानावर बसा. मला चहा टाकायचाय."

रविवारी तो टाकला. आलं जास्त पडलं होतं. श्रीरंगरावांनी तोंड उघडलं, मिटलं आणि कप संपवला.

पुढच्या गुरुवारी दोघं मठात गेली, तेव्हा श्रीरंगरावांच्या हातात ताज्या तुळशीची जुडी होती. रांग नेहमीपेक्षा लांब होती. वाईनची गोष्ट गावभर झाली होती.

"मग?" स्वामींनी विचारलं. "ठरली का? चवीला उत्तम आणि खिशाला हलकी?"

"विशूची, महाराज."

"आंबट आहे म्हणे."

"आहे."

स्वामी हसले. कुंदाताईंनी खाली वाकून नमस्कार केला.

मागून धोंडोपंतांनी मान लांब केली. "काय नाव सांगितलं? जरा मोठ्यानं. मलाही घ्यायचीय."

स्वामींनी पळी भरली.

"पुढे या, पंत. दुसरा हात खाली धरा."