एकवीस भोंगे

वाफेचे दिवस नुकतेच सरले होते, तेव्हाची गोष्ट. एका बंदरात मोठी जहाजं ओढणारी टगबोट होती. तिचं डिझेल इंजिन चांगलं धिप्पाड होतं, पण ते आपणहून कधीच जागं होत नसे. कोपऱ्यातली टाकी आपली दाबून भरलेली हवा त्याच्यात सोडी, तेव्हा कुठे ते फिरू लागे. चालू झालं की तेच टाकी पुन्हा भरून देई.

दसऱ्याला ड्रायव्हर मयेकरांनी इंजिनाला झेंडूचा हार घातला आणि टाकीला नुसतं कुंकवाचं बोट लावलं. इंजिन फुशारलं. "भोंग्या, माझ्या नावानं एकवीस वेळा वाज!"

"अहो, भोंग्यालाही हवा माझीच लागते," टाकी म्हणाली.

"काम काय, तर हवा साठवायची! आणि तीही द्यायला जिवावर येतं?"

भोंगा हौसेनं एकवीस वेळा वाजला.

तेवढ्यात एक जहाज बंदरात ओढून आणायचं बोलावणं आलं. मयेकरांनी हवेचा कॉक उघडला. टाकीतून 'फुस्स' झालं आणि इंजिन ढिम्म हललं नाही.

"मेल्या, आजच्या दिवशी!" म्हणत मयेकरांनी हातपंपानं टाकी भरायला घेतली. घाम गाळता गाळता दुपार झाली. जहाज तोवर दुसऱ्याच टगबोटीनं नेलं.

अखेर इंजिन सुरू झालं. भोंग्यानं विचारलं, "वाजू का?"

"गप!" इंजिन म्हणालं. "आधी टाकीबाईंचं पोट भरू दे."

पुढच्या दसऱ्यालाही हार इंजिनालाच मिळाला. पण सुरू होताच ते असं काही हादरलं, की हार उडून टाकीच्या गळ्यात पडला.

"बोल्ट ढिले झालेत याचे," मयेकर पुटपुटले आणि पाना शोधू लागले.