तिमण्णाचा सांडवा

फार वर्षांपूर्वी चिलारवाडीच्या माळावर तिमण्णा नावाचा एक वडार राहत होता. माती उकरायची, माती वाहायची आणि मातीनंच पाणी अडवायचं, हा त्याच्या घरचा पिढीजात धंदा. चिमूटभर माती जिभेवर ठेवून तो सांगायचा, ही पाणी धरील आणि ही दगा देईल. गावाच्या वरच्या अंगाला ओढा अडवून त्यानं एक बांध घातला. शेळ्या आणि बैल फिरवून तो असा तुडवून घेतला, की त्यावर मुंगीलाही बीळ करताना घाम फुटायचा, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

पलीकडच्या खोऱ्यात त्याच्या चुलतभावाचा, निंगाप्पाचा बांध होता. तो कुठं पोट सुटलेला, कुठं खांदा पडलेला. पण निंगाप्पा हसरा, चार माणसांत रमणारा. तिमण्णाचं काम सोन्यासारखं आणि तोंड मात्र चिंचेसारखं.

त्या मुलखात बांधांची पारख करायची म्हाळसाई. तिचा नवरा पाटकरी होता, पाटाचं पाणी वाटून द्यायचा. तो गेला आणि त्याचं काम तिनं उचललं. ज्येष्ठ लागला की ती अनवाणी एकेक बांध तुडवत जायची आणि प्रत्येकावर चुना फासलेले दगड ठेवायची, कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन. एका दगडाच्या बांधाकडे पावसाळ्यात कधीमधी कुणी फिरकलं तरी भागायचं. दोन दगड असले तर रोज एक फेरी. तीन दगडांच्या बांधावर मात्र चार माणसं कायम राखणीला, घुशींची बिळं बुजवायला आणि पाझरावर डोळा ठेवायला. दगड असे का, हे म्हाळसाई आपणहून सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. लोकांनी आपल्या मनानंच ठरवून टाकलं, जितके दगड जास्त तितका बांध कच्चा.

तिमण्णाच्या बांधावर तिनं तीन दगड ठेवले. निंगाप्पाच्या बांधावर एक.

तिमण्णाच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला ओव्याचा उपाय नव्हता. बांध घालून घ्यायला परगावची माणसं यायची, दगड बघायची आणि निंगाप्पाच्या दारात जाऊन बसायची. बायको म्हणाली, एकदा म्हाळसाईला विचारून तरी या. पण विचारणं म्हणजे कमीपणा. मग तिमण्णा नुसता जळत राहिला. निंगाप्पाचं हसू, निंगाप्पाची गाढवं, इतकंच काय, निंगाप्पाच्या दारातला शेवगासुद्धा त्याला बघवेना. आपल्या बांधावर उभा राहिला तरी त्याला डोळ्यांपुढं निंगाप्पाचाच बांध दिसायचा.

शेवटी एका दुपारी, सगळे पेरणीत गुंतलेले असताना, त्यानं आपल्या बांधावरचे दोन दगड उचलले आणि निंगाप्पाच्या बांधावर नेऊन ठेवले. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

मग मघा लागल्या आणि आभाळ फाटलं. सात दिवस सूर्य दिसला नाही, असं म्हणतात. राखणीची चार माणसं तीन दगड बघून निंगाप्पाच्या बांधावर जाऊन बसली. तिमण्णा मात्र आपला तुडुंब तलाव बघायला एकटाच आला. बघतो तर बांधाच्या पायथ्याशी पाझर वाढलेला. पाझर प्रत्येक बांधाला असतो, निर्मळ असेल तोवर भय नाही. हा गढूळ होता, म्हणजे पाण्याबरोबर पोटातली माती निघून चालली होती. त्यानं चिकणमाती दाबली, दगड कोंबले. पाणी दुसरीकडून निघालं.

ओढ्याला गढूळ पाणी आलेलं बघून म्हाळसाई खालून धावत आली. बांधावर एकच दगड बघून ती काय समजायचं ते समजली.

"दगड तुज्या हाताच्या कामाला न्हवतं रं तिमण्णा," ती म्हणाली. "निंगाप्पाचा बांद फुटला तर बाभळी भिजत्याल. तुजा फुटला तर पाळणं वाहून जात्याल. मी बांद न्हाय, खालच्या चुली मोजत हुते."

तिमण्णानं तेव्हा पहिल्यांदा नीट खाली बघितलं. बावीस घरं होती. बावीस घरांतून धूर निघत होता.

म्हाळसाई घरं रिकामी करायला खाली पळाली. तिमण्णानं पहार आणि फावडं घेतलं. बांधाचं उत्तरेचं टोक जिथं माळाच्या मुरमाला टेकतं, तिथं त्यानं आपल्याच बांधाचा खांदा फोडायला घेतला. दहा माणसांचं दहा दिवसांचं काम त्यानं दिवस मावळायच्या आत केलं. त्याच्या पहारीचे घाव पाच गावांत ऐकू येत होते आणि खडक भाकरीसारखा तुटत होता, असं म्हणतात. पाणी त्या वाटेनं वळलं आणि मोकळ्या माळावरून पलीकडच्या नाल्याला लागलं. त्याच्या अभिमानाचा तलाव रात्रीपर्यंत निम्म्याहून खाली गेला. खालचा एक पाळणासुद्धा हलला नाही.

पण फावड्यावर आवळलेली त्याची मूठ काही उघडेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सगळा गाव जमला, तेव्हा दगड आपणच हलवले आणि जळून हलवले, हे त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. निंगाप्पा पुढं आला. त्यानं ती खोदलेली वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"दादा," तो म्हणाला, "माजं समदं हसू वरवरचं हुतं. जलमभर मला तुज्या हातांचा हेवा वाटला."

तेव्हा कुठं ती मूठ उघडली, असं म्हणतात.

ती वाट पुढं कुणी बुजवली नाही. दगड लावून पक्की केली, तोच हा तिमण्णाचा सांडवा. दर ज्येष्ठात अख्खा गाव त्यातला गाळ काढायला उतरतो. फावडं हातात घेण्याआधी प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, या वर्षी आपण कुणावर जळलो. मग सांगणाऱ्यानं पाटी भरायची आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं ती डोक्यावरून वाहायची. फार हसतात लोक. थोडं रडतातही. ज्याचं नाव कुणीच घेत नाही, तो बिचारा आपली पाटी भरून झाली की दिवसभर रिकाम्या हातानं काठावर बसतो आणि पुढच्या ज्येष्ठापर्यंत काहीतरी चांगलं करायचं मनाशी ठरवतो.