पाय न टेकवणारा सायकलस्वार

कोणे एके काळी, जेव्हा राजेही होते आणि सायकलीही होत्या (ते कसं, हे विचारू नका, गोष्टीत चालतं), एका मोठ्या नगरात एक मोठा रस्ता होता. त्यावरून बैलगाड्या जात, सायकली जात, माणसं पायी जात, आणि सगळे एकमेकांच्या नावाने बोटं मोडत.

गाडीवान म्हणत, "या सायकलवाल्यांनी वात आणलाय." सायकलवाले म्हणत, "रस्ता काय गाडीवानांना आंदण दिलाय?" पायी चालणारे दोघांनाही शिव्या घालत, आणि स्वतः मात्र चौघे-चौघे गप्पा मारत मधोमध चालत.

तिथल्या सायकलस्वारांची एक रीत होती. रस्त्यात ज्याचा पाय कधीच जमिनीला टेकला नाही, त्याच्या सायकलला ते लाल गोंडा बांधत. पाय टेकला, की गोंडा गेला. हैबती नावाच्या सायकलस्वाराचा गोंडा उन्हापावसाने विटला होता, पण उतरला नव्हता. तो गाड्यांमधून निसटे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना वळसा घाली, घंटी वाजवी आणि पुढे जाई. लोक दचकत. त्याला त्याची मजाच वाटे.

एके सकाळी त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. ही पहिलीच खेप होती.

"सुईणीला निरोप कधीच गेलाय, पण ती अजून पोचली नाही," शेजारीण म्हणाली. "मूल आडवं आहे. तिच्याशिवाय हिची सुटका व्हायची नाही. जा बाबा, तिला घेऊन ये."

हैबतीने सुईणीला कधी पाहिलं नव्हतं; शेजारणीकडून तिच्या घराची खूण घेऊन त्याने सायकलवर टांग मारली. चौकात नेहमीसारखी झुंबड होती. पलीकडच्या कडेला एक म्हातारी बगलेत बोचकं धरून रस्ता ओलांडू बघत होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं.

"बाजूला हो, आजी!" हैबती ओरडला. म्हातारी घाईघाईने मागे सरकली आणि तो तिच्या पदराला वारा घालत निघून गेला.

सुईणीच्या दारात तिची सून भांडी घासत होती. "सासूबाई? त्या तर केव्हाच निघाल्या. बोचकं घेऊन गेल्या की."

हैबतीला चौकातली बोचकंवाली म्हातारी आठवली. आता त्याला सगळं समजलं.

तो परत चौकात आला, तर म्हातारी तिथेच उभी होती. समोरून सायकली सुसाट जात होत्या, त्यांच्यामागे गाड्या. हैबती सरळ रस्त्याच्या मध्यावर गेला, त्याने ब्रेक दाबला आणि साऱ्या नगरादेखत पाय टेकवला. मग खाली उतरून त्याने सायकलच रस्त्यात आडवी घातली.

मागचे सायकलस्वार थक्क होऊन थांबले. एक गाडीवान खेकसला, "ए, बैल कुणासाठी थांबत नसतात."

"माझी बायको अडली आहे, दादा," हैबती हात जोडून म्हणाला. "ही सुईण आहे."

गाडीवानाने कासरा ओढला. बैल मुकाट थांबले. बैलांना थांबता येत होतं. आजवर कुणी थांबवलं नव्हतं, इतकंच.

म्हातारी रस्ता ओलांडून आली आणि हैबतीकडे निरखून बघत म्हणाली, "मघाशी मला मागे हटवलंस, तो तूच ना?"

"मीच, आजी. चुकलो."

"ते नंतर. आधी घरी चल."

सूर्य डोक्यावर यायच्या आत हैबतीला मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप होत्या. दारात बसून तो हमसून हमसून रडला.

संध्याकाळी सायकलस्वारांचा म्होरक्या गोंडा काढून न्यायला आला. हैबतीने तो आधीच सोडून ठेवला होता. "घ्या," तो म्हणाला. "पण एक सांगा. तुमच्या घरी निघालेलं कुणी आत्ता त्या चौकात उभं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

म्होरक्याची म्हातारी आई रोज त्याच रस्त्याने देवळातून घरी येई. तो गोंडा घेऊन निघाला. परत जाताना चौकात त्याने एका पाटीवालीसाठी पाय टेकवला.

तेव्हापासून त्या नगरात लाल गोंडा दुसऱ्यासाठी पाय टेकवणाऱ्याला मिळतो, आणि थांबणारे गाडीवानही तो बैलांच्या शिंगाला हौसेने बांधतात.

तात्पर्य: रस्त्यात दुसऱ्यासाठी थांबावं; ज्याला आपण अडवतो, तो आपल्याच घरी निघालेला असू शकतो.