दसऱ्याचा हार

गाड्यांचे भाग आपसांत बोलायचे, त्या काळची ही गोष्ट. बाळनाथच्या डिझेल पिकअपच्या इंजिनाला फार तोरा होता. दसऱ्याला बाळनाथने बॉनेट उघडून त्याला झेंडूचा हार घातला, तेव्हा ते खाली बसलेल्या गिअरबॉक्सला म्हणालं, "बघ, मान कोणाचा ते!"

महिनाभरात गाडी चढावर धापा टाकू लागली. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढेना. बाळनाथ सारखा गिअर खाली आणायचा आणि गिअरबॉक्स कण्हायचा. इंजिन लगेच ओरडलं, "चोर सापडला! मी जोर लावतो आणि हा खाऊन टाकतो."

बाळनाथलाही तसंच वाटलं. "मिस्त्री, हा गिअरबॉक्स भंगारात घाला, दुसरा बसवा," तो हैदर मिस्त्रींना म्हणाला.

"आधी गाडी न्यूट्रलला घे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाब," मिस्त्री म्हणाले.

बाळनाथने दाबला. इंजिन घरघरलं, त्याने काळा धूर सोडला, पण आवाज काही चढेना.

"आता तर गिअर टाकलेलाच नाही," मिस्त्री म्हणाले. "मग जोर कोण खातंय?"

त्यांनी इंजिनाचा हवेचा फिल्टर काढला. त्यावर झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचा थर बसला होता. फिल्टर साफ झाला आणि गाडी चढ हसत चढली.

पुढच्या दसऱ्याला हार दिसताच इंजिन घाईघाईने म्हणालं, "यंदाचा मान गिअरबॉक्सदादांचा!"

"हार राहू दे," गिअरबॉक्स म्हणाला. "मला वेळेवर तेल मिळालं, की झाला माझा दसरा."