दोन खोकल्यांची उसंत

एक होते देवदानबाबा, एक होती त्यांची बायको सालोमी, एक होता त्यांचा मुलगा शमुवेल, आणि एक होता हा दगड. माणसं गेली, दगड राहिला. त्याच्यावरच हात टेकून उभे आहात तुम्ही, पाव्हणं.

बोरखडीच्या देवळात शिरताना डाव्या अंगाला, जिथं चपला काढतात, तिथं हा असतो. काळा, बसका, पाटाएवढा रुंद. त्याची पुढची कड जरा चाचपून बघा. चार खाचा लागतील, शेजारी शेजारी. कुणी म्हणतं, पागोळ्यांनी झिजलं असेल. असेल. आम्ही त्यांना बाबांची बोटं म्हणतो. आणि आत उपासना चालू असताना या दगडावर जो म्हातारा बसलेला दिसतो, तो चपलांचा राखणदार नव्हे. तो आमच्या मंडळीचा मागचा पुढारी. हे असं का, ते सांगते. मला माझ्या आजीनं सांगितलं, आणि तिला तिच्या आजीनं.

फार मागची गोष्ट. तेव्हा इथं दगडी देऊळ नव्हतं, काडाचं छप्पर होतं. देवदानबाबा या गावचे पहिले ख्रिस्ती उपदेशक. शास्त्र वाचता येणारं माणूस गावात एकच, ते म्हणजे बाबा. खांद्याला एकतारी अडकवून ते वाडीवस्तीवर जायचे आणि प्रभूची गोष्ट गाण्यात सांगायचे. गाणंही त्यांनीच रचलेलं:

मेंढपाळा माझ्या, तुझी हाक आली,
काट्यांतून वाट तूच रे काढिली,
मागे जो राहिला, त्याची याद झाली,
खांद्यावर त्याला घेतेस माउली.

लोकांना अक्षर येत नव्हतं. बाबांनी म्हणायचं, लोकांनी ऐकायचं, ऐकलं ते पाठ करायचं. तीस वर्षं असं चाललं. प्रार्थना बाबांची, गाणं बाबांचं, पोराचं नाव ठेवायला बाबा, मातीला उभे राहायला बाबा. आणि बाबांना होता दमा. गाण्याची दुसरी ओळ संपली की उबळ यायची. मग एकतारी छातीशी धरून ते दोनदा खोकायचे आणि तिसरी ओळ उचलायचे.

शमुवेल त्यांचा एकुलता. गळा बापाहून गोड, असं सांगतात. एका रविवारी बाबांची उबळ लांबली. डोळ्यांना पाणी आलं, तरी थांबेना. मंडळी ताटकळलेली. बापाला जरा दम खाऊ द्यावा म्हणून मागून शमुवेलनं तिसरी ओळ उचलली. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"अजून मी आहे," म्हणाले, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

झालं एवढंच, पण भरल्या मंडळीत झालं. त्या दिवसापासून शमुवेलनं गाणं टाकलं. उपासना नाही टाकली हं. दर रविवारी यायचा, पण आत नाही. बाहेर चपलांजवळ या दगडावर बसायचा, तोंड मिटून. घरातही नव्या बायकोला घेऊन त्यानं चूल वेगळी मांडली. एका छपराखाली दोन धूर निघायला लागले. सालोमीबाई बारा वर्षं त्या दोन चुलींच्या मधून वावरली. इकडचं कोरड्यास तिकडं नेलं तर कुणी नको म्हणत नव्हतं, आणि कुणी आणखी वाढ असंही म्हणत नव्हतं.

मग एका वर्षी कापणीच्या सणाला जांभुळदऱ्याची माणसं आली. डोंगरापलीकडची ती नवी मंडळी. बाबांनी तिथं दोन-तीनदाच पाऊल टाकलेलं, बाकी सगळं तिथल्या गुणाजी दोरवाल्यानं जमवलेलं. बाजरीची कणसं, डांगर, एक तुरेवाला कोंबडा असं अर्पण घेऊन ती माणसं पुढं आली. गुणाजी म्हणाला, बाबा, तुमचं गाणं आम्ही बसवलंय, ऐका.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आणि म्हणे, सगळेच्या सगळे थांबले, छातीशी हात नेला आणि दोनदा खोकले. बाप्ये खोकले, बाया पदर सावरून खोकल्या, एकीनं कडेवरच्या लेकराच्या पाठीवर थोपटून त्यालाही खोकायला लावलं. मग तिसरी ओळ.

बाबांनी विचारलं, "गुणाजी, सर्दी फिरलीय का रे तुमच्याकडं?"

"नाही बाबा, गाण्यातलंच आहे ते," गुणाजी म्हणाला. "आमच्यात अजून कुणीकुणी एकदाच खोकतंय. पण येईल, सवयीनं येईल."

सगळं छप्पर हसलं. बाबाही हसले, अगदी डोळे पुसेपर्यंत. पण घरी आल्यावर जेवले नाहीत. सालोमीबाई सुपात बाजरी निवडत होती. बाबा म्हणाले, तीस वर्षं मला वाटलं मी यांना प्रभू देतोय, आणि यांनी घेतला माझा खोकला.

सालोमीबाईनं खडा वेचून बाहेर टाकला. ती म्हणाली, "खोकल्याचं काय घेऊन बसलात? तुम्ही थांबता तिथं ती माणसं थांबतात. तुम्ही कायमचे थांबलात, म्हणजे काय करायचं त्यांनी?"

ते वाक्य बाबांच्या मनातून हललं नाही. आपल्यामागं ही मंडळी दुसऱ्या ओळीवरच उभी राहील, आणि ज्याला तिसरी येते त्याचं तोंड आपणच बंद केलंय, हे त्यांना त्या दिवशी कळलं, असं सांगतात.

कळणं वेगळं आणि सोडणं वेगळं. पुढच्या रविवारी बाबांनी एकतारी लाजरसभाऊच्या हातात दिली. हा साधा, पापभीरू माणूस. आजपासून तू चालव, म्हणाले, आणि स्वतः बाजूला बसले. पण पायाचा अंगठा ऐकेना. लाजरस लांबवायला लागला की अंगठा भुईवर ठेका धरायचा. मंडळीच्या ते ध्यानात आलं. मग लाजरसच्या तोंडाकडं कोण बघतो! सगळ्यांचे डोळे बाबांच्या अंगठ्यावर. दुसऱ्या ओळीनंतर सगळे थांबले, बाबा खोकले, आणि गाणं पुढं गेलं. लाजरसनं एकतारी आणून परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

सालोमीबाई घरी जाताना म्हणाली, "एकतारी दिलीत, अंगठा काही दिला नाहीत."

पुढच्या रविवारी मंडळी जमायच्या आधीच बाबा छपरात गेले, एकतारी आतल्या खुंटीला अडकवली, बाहेर आले आणि या दगडावर बसले. दाराकडं पाठ करून.

लोक यायचे, चपला काढायचे, बाबांना बघून घोटाळायचे. बाबा नुसती मान हलवून त्यांना आत धाडायचे. शेवटी शमुवेल आला. बारा वर्षांत बापलेक इतके जवळ आले नव्हते. दगड तर एकाच माणसापुरता.

शमुवेल म्हणाला, "बाबा, ही जागा माझी आहे."

"बारा वर्षं तू बसलास," बाबा म्हणाले. "इथून आतलं कसं ऐकू येतं ते मला ठाऊक नाही. आता मी बसतो. तू आत जा."

बापानं वर बघितलं नाही. मग शमुवेलनं चपला काढल्या. इतकी वर्षं त्याला चपला काढायची गरजच पडली नव्हती. त्या बाबांच्या चपलांना लागून ठेवल्या आणि तो आत गेला.

आत लाजरसनं पहिली ओळ घेतली. मंडळीनं म्हटली. दुसरी घेतली. तीही म्हटली. आणि सवयीनं सगळे थांबले. खोकल्याची वाट बघत.

इकडं दगडावर बाबांना उबळ आली. नाटक नव्हतं ते, खरा दमा. छाती फुटतेय की काय असं झालं. पण आता खोकलो तर गाणं आपल्या खोकल्यावरून पुढं जाईल, आणि जन्मभर तसंच जाईल, हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी दगडाची कड धरली. म्हणे, अशी धरली की उजव्या हाताची चार बोटं दगडात उतरली. आत सालोमीबाई पदर मुठीत धरून बसलेली. नवऱ्याचा श्वास भिंतीपलीकडूनही तिला ओळखू येत होता. एक सूप बाजरी पाखडून व्हावी एवढा वेळ गेला. कुणी हलेना.

आणि मग कोपऱ्यातून आवाज आला. बारा वर्षं मिटलेला, म्हणून पहिल्यांदा चिरकला, मग लागला.

मागे जो राहिला, त्याची याद झाली…

शमुवेल दाराकडं बघून गात होता. चौथी ओळ मंडळीनं उचलली ती इतकी मोठ्यानं, की म्हणे छपरातल्या चिमण्या उडाल्या. ती ओळ चालू असताना बाबांनी तोंडातला बोळा काढला आणि पोटभर खोकून घेतलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. देवदानबाबांच्या जन्मातला तो सगळ्यात सुखाचा खोकला, असं सालोमीबाई पुढं सांगायची.

त्या दिवशी शमुवेलनं आपल्या चुलीतला विस्तव खापरीत घालून आईच्या चुलीत आणून ओतला. वर धूर एक झाला.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. एकतारीला हात लावला नाही. पण दगड रिकामा राहिला नाही, आणि दगडाभोवतीची जागाही. आत यायला बिचकणारी, कुणाशी भांडून आलेली, फाटक्या लुगड्याची लाज वाटणारी माणसं चपलांजवळ घुटमळायची. ती बाबांच्या शेजारी टेकायची. बाबा उपदेश करायचे नाहीत, नुसतं विचारायचे, काय गं, जेवलीस का. तीस वर्षं पुढं उभं राहून जेवढी माणसं आत आणली, त्याहून जास्त त्यांनी या दाराशी बसून आत धाडली, असं सांगतात.

शमुवेलनं मंडळी सात कापण्या चालवली. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा असं शास्त्रात आहे. जमिनीला जे लागू ते माणसालाही, असं म्हणून सातव्या कापणीच्या सणाला त्यानं एकतारी पाणी शेंदणाऱ्या येसूबाईच्या हातात दिली आणि आपण येऊन बापाशेजारी भुईवर बसला. तिथून ही रीत पडली. सात कापण्या आत, मग दगडावर.

त्या दिवशी बाबांच्या मांडीवर शमुवेलची पोर होती. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर त्या घरात पाळणा हलला होता, चुली एक झाल्या त्याच्या तिसऱ्या वर्षी. हन्ना नाव. चार वर्षांची. आत येसूबाई नवीन, घाबरलेली. दुसऱ्या ओळीनंतर सगळे थांबले, आणि दारातून, आजाच्या मांडीवरून हन्नानं तिसरी ओळ म्हटली. बोबडी, पण पुरी. बाबांनी डोळे मिटून घेतले. म्हणे, शमुवेलनं तेव्हा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

ती हन्ना माझी आजी.

आजही बोरखडीत आणि जांभुळदऱ्यात हे गाणं दुसऱ्या ओळीनंतर थांबतं. आता कुणी खोकत नाही, पण दोन खोकल्यांएवढी उसंत सोडलेली असते, आणि त्या उसंतीत पुढाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. तिसरी ओळ उचलायची ती दुसऱ्या कुणीतरी. कधी नवी सून उचलते, कधी दाराबाहेरचा एखादा, कधी तुमच्यासारखं पाव्हणं माणूस. इतक्या वर्षांत ती ओळ एकदाही खाली पडलेली नाही. आणि आमच्या घरात आजही चूल एकच आहे. उपासना झाली की या, भाकरी टाकलेली असेल.